आखाडात व्यालेली शेळी आणि बोकड सोडण्याची तारीख

सड्यावरचा :

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यातील सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेली सहा वर्षे आम्ही शेळ्या पाळतो. सध्या चौदा माद्या आणि एक बोकड आहे. चौदांपैकी अकरा कोकण कन्याळ आहेत आणि तीन गावठी. धागा काढण्याचे कारण असे, की गेल्या आषाढात आमच्या पाच शेळ्या व्याल्या, नऊ करडे झाली, आणि गणपती येईपर्यंत त्यांतील चारच उरली. याच पाच शेळ्यांनी त्याआधीच्या मार्गशीर्षात आठ करडे दिली होती आणि ती आठही जगली होती. शेळ्या त्याच, गोठा तोच, पाला तर पावसाळ्यात उलट जास्तच; फरक होता तो महिन्याचा.

ज्यांना ही जात ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कोकण कन्याळ ही सिंधुदुर्गातली जात. अंग बहुधा काळे, आणि तोंडावर नाकपुडीपासून कानापर्यंत गेलेले पांढरे पट्टे, त्यामुळे कळपात ती लांबूनही ओळखू येते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कुडाळ तालुक्यातील निळेली येथील केंद्रात या जातीवर काम केलेले आहे. अतिपावसाच्या, दमट हवेला ती सरावलेली आहे हे अगदी खरे. पण मोठ्या शेळीच्या अंगी असलेला हा काटकपणा तासाभराच्या ओल्या करडाच्या अंगी असेल, असे मी गृहीत धरले आणि तिथेच चुकलो.

एका रात्रीचे सांगतो. पावसाने दोन दिवस उघडीप दिलेली नव्हती आणि वीजही गेलेली होती. रात्री दोनच्या सुमारास गोठ्यात गेलो तेव्हा एक शेळी जुळी देऊन मोकळी झाली होती. पहिले करडू तिने चाटून कोरडे केले होते आणि ते उभे राहून सड शोधत होते, पण दुसरे भिंतीकडच्या ओल्या लेंड्यांत पडलेले होते. त्याचे अंग चिकट होते, मान टाकलेली होती, आणि तोंडात बोट घातले तर आतून गार लागले. जीभ आणि टाळू गार लागणे म्हणजे काय हे त्यापूर्वी मला माहीत नव्हते. मला एवढेच कळत होते, की चीक, म्हणजे व्याल्यावरचे पहिले दाट दूध, पोटात गेला पाहिजे. म्हणून तो पिळून बाटलीत भरला आणि बाटली हळूहळू पिळत त्या करडाच्या तोंडात सोडला. त्याने गिळल्यासारखे वाटले. मग नाकातून फेस आला, घरघर सुरू झाली आणि उजाडण्याच्या आत ते गेले. आते म्हणाली, "आधी वैलाजवळ आणायचे होते रे, मग पाजायचे." तिचे बरोबर होते, हे मला पुढे वाचनातून कळले. गार पडलेल्या करडाला धड गिळता येत नाही, त्यामुळे पाजलेला चीक पोटात न जाता फुप्फुसात उतरतो.

गेलेल्या पाचांपैकी बाकीच्या चारांतील दोन करडे खोकल्याने आणि दोन हगवणीने गेली, ती तीन ते पाच आठवड्यांची असताना.

आता प्रश्न. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. म्हणजे आषाढात व्यालेली शेळी माघ-फाल्गुनात लागलेली असते, आणि तेव्हा आमचा बोकड कळपात मोकळा फिरत होता, हे सरळ आहे. यंदा बोकड वेगळा बांधून ५ जूनला सोडावा आणि ४२ दिवसांनी, म्हणजे माजाची दोन चक्रे उलटल्यावर, १७ जुलैला पुन्हा काढून घ्यावा, असा विचार आहे. तसे केल्यास करडे २ नोव्हेंबर ते १४ डिसेंबरच्या दरम्यान येतील. असे कोणी करून पाहिले आहे का? आणि करडे जगवण्याच्या बाबतीत माझे आणखी काय चुकत असेल, तेही मोकळेपणाने सांगावे.

---

आगरातली :

दादा, करडांचे वाचून वाईट वाटले. आमच्याकडे गुहागरला चारच शेळ्या आहेत, त्यामुळे माझा अनुभव लहान आहे. पण चार शेळ्यांवर लक्ष मात्र चोवीस तास असते.

पावसाळ्यात व्याणारी शेळी मी आठ दिवस आधीच पडवीत आणते. खाली पातेरा, त्यावर सुका पेंढा, आणि रोज सकाळी वरचा थर काढून नवा घालायचा. कास भरून आली, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले आणि ती पाय आपटून जागा उकरू लागली, की त्या रात्री मी तिथेच निजते. पाणमोट फुटल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक दिसले पाहिजे. तसे न दिसता शेळी नुसतीच कळा देत राहिली, तर मी स्वतः हात घालत नाही, डॉक्टरांना बोलावते.

करडू बाहेर आले, की त्याच्या नाकातोंडातील चिकटा पुसून त्याला आईच्या तोंडाशी ठेवते. जुळ्यांत दुसऱ्याची आबाळ होते, कारण ते येईपर्यंत आई पहिल्यातच गुंतलेली असते. म्हणून दुसऱ्याला मी स्वतः जुन्या लुगड्याच्या तुकड्याने खसखसा पुसते. आई जवळ घेत नसेल तर त्याच्या अंगाला चिमूटभर मीठ चोळते, की ती चाटू लागते. शेळीला कोमट पाणी आणि गूळ घातलेली नाचणीची पेज देते.

एक शंका मात्र माझीही आहे. आमच्या सासूबाई वार (व्याल्यानंतर पडणारी झार) पडल्याशिवाय करडाला सडाला लावू देत नसत आणि नाळेला चुलीतली राख लावत असत. मी ते दोन्ही बंद केले, परंतु गावात अजून सगळे तसेच करतात. कोणी जाणकाराने यावर लिहावे.

---

तीस शेळ्या :

सड्यावरचा यांच्या तारखा वाचल्या, पण मला हा उपाय पटत नाही. माझा बंदिस्त गोठा रायगड जिल्ह्यात आहे आणि त्यावर माझे घर चालते. शेळीपालनाचे सगळे गणित दोन वर्षांत तीन वेते, म्हणजे तीनदा व्याणे, या हिशेबावर उभे असते. मी घेतलेल्या प्रशिक्षणातही तेच शिकवले गेले आणि कर्जाच्या प्रस्तावातही मी तेच लिहून दिले आहे. वर्षाला एकच वेत धरले तर शेळी सात महिने बसून खाणार. पावसावर उपाय गोठ्यात शोधावा. मी जमिनीपासून चार फूट उंच माची केली आहे, फळ्यांच्या फटींतून लेंड्या आणि मूत खाली पडते, आणि पावसाळ्यात तिन्ही बाजूंनी प्लास्टिकचे जाड पडदे सोडतो. आत थेंब येत नाही.

---

गुरांचा डॉक्टर (निवृत्त) :

या धाग्यात तीन निरनिराळे विषय एकत्र आले आहेत. मी करडापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत घाईचा विषय तोच आहे.

ताईंच्या शंकेचे उत्तर आधी देतो. वार पडण्याची वाट पाहत करडाला उपाशी ठेवणे ही अत्यंत घातक समजूत आहे. शेळीच्या गर्भाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतच नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात, आणि ती जशीच्या तशी शोषून घेण्याची करडाच्या आतड्याची क्षमता जन्मापासूनच घटत जाऊन सुमारे चोवीस तासांत संपते. म्हणून पहिला चीक अर्ध्या ते एका तासात पोटात गेला पाहिजे आणि पहिल्या दिवसात वजनाच्या किमान दहावा हिस्सा गेला पाहिजे. दोन किलोच्या करडाला २०० मिलिलिटर, तोही तीन-चार वेळा विभागून. शिवाय करडू सड ओढू लागले, की शेळीच्या शरीरात जो स्राव सुटतो त्यानेच गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदत होते. ज्या गोष्टीसाठी आपण करडाला थांबवतो, ती गोष्ट त्या थांबवण्यानेच लांबते. वार बहुधा चार-सहा तासांत पडते. बारा तास उलटले तर डॉक्टरांना बोलवावे. ओढू नये आणि दगड बांधून लटकवू तर मुळीच नये.

सडाला लावण्यापूर्वी प्रत्येक सडातून दोन धारा बाहेर काढाव्यात, म्हणजे सडाच्या तोंडाशी बसलेला मेणासारखा बोळा निघून जातो. करडू जोर करून दमते आणि आपल्याला वाटते ते पीत आहे, असे पुष्कळदा त्या बोळ्यामुळेच घडते.

राख नको, हळद नको, शेण तर नकोच. नाळ पोटापासून दोन-तीन इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधावी, त्याखाली निर्जंतुक ब्लेडने कापावी आणि टिंक्चर आयोडिनच्या लहान बाटलीत नाळेचे टोक बुडवावे. वरून कापसाने फिरवण्यापेक्षा बुडवणे चांगले. ओल्या नाळेतून शिरलेले जंतू सांध्यांत जाऊन बसतात, आणि पंधरा दिवसांनी गुडघे सुजलेले लंगडे करडू आमच्याकडे येते. धनुर्वाताचा धोका आहेच.

आता गार पडलेल्या करडाविषयी. नवजात करडाच्या शरीरात उष्णता निर्माण करणारी विशिष्ट चरबी असते, पण तो साठा चार-पाच तासांचाच. अंग ओले असेल आणि वारा लागत असेल तर तो त्याहूनही लवकर संपतो. करडाचे तापमान साधारण १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०० च्या खाली गेले असेल तर पाजणे थांबवून आधी शेकावे. मानेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोपराला सोसेल इतक्या कोमट पाण्यात धरले तर अंग न भिजता ऊब मिळते, आणि पिशवी बाहेर काढल्यावर आतील कोरडेपणा कायम राहतो. न्हाणीतील हंडा त्यासाठी पुरेसा आहे. करडू मान धरू लागले आणि बोट चोखू लागले, की मग चीक द्यावा. मात्र जन्मून पाच तासांहून अधिक काळ झालेला असेल, पोटात काही नसेल आणि करडू अगदी गार असेल, तर नुसते शेकणेही धोक्याचे ठरते. रक्तातील साखर आधीच संपलेली असल्याने झटके येऊन ते दगावू शकते. त्याला शेकण्यापूर्वी ग्लुकोज द्यावे लागते, आणि ते पोटात टोचणे हे पशुवैद्यकाचे काम आहे.

'तीस शेळ्या' यांच्या माचीबद्दल : माची उत्तम आहे, पडदे धोक्याचे आहेत. खाली साचलेल्या मुतातून अमोनिया वर येतो आणि तिन्ही बाजू बंद असल्या की तो करडाच्या उंचीवरच कोंडतो. आपण माणसे उभी असतो म्हणून आपल्याला कळत नाही. भल्या पहाटे पडदे उघडण्यापूर्वी आत जाऊन पाच मिनिटे करडांच्या शेजारी बसून पाहा. डोळे चुरचुरले तर तो वायू करडाची फुप्फुसे रात्रभर घेत आहेत, असे समजा. पडदा खालून बसत्या करडाच्या उंचीपर्यंत बंद असावा आणि वर कौलाखाली हातभर जागा मोकळी असावी. शिवाय मोठ्या शेळीच्या मापाने ठेवलेल्या फटींत करडाचा खूर अडकतो, त्यामुळे महिनाभराच्या करडांसाठी एका कोपऱ्यात फटी बुजवून त्यावर सुके गवत टाकावे आणि ते रोज बदलावे.

तीन ते पाच आठवड्यांच्या करडांची हगवण बहुधा कॉक्सिडिया या आतड्यातील सूक्ष्म परजीवीची असते. त्याचे बीज लेंडीतून पडते आणि ओल व ऊब मिळाली, की काही दिवसांत रोग लावण्याजोगे होते. कोकणातील श्रावणात हे दोन्ही फुकट मिळते. औषध आहे, परंतु लेंड्या तपासून घेतल्याशिवाय जुलाबाची कोणतीही बाटली ओतत राहू नये.

---

चाकरमानी :

मुंबईत राहून गावी शेळ्या ठेवल्या आहेत, आई-वडील बघतात. आई मेलेल्या करडाला पिशवीतील गाईचे दूध चालेल का?

---

गुरांचा डॉक्टर (निवृत्त) :

दूध म्हणून चालेल, चीक म्हणून चालणार नाही. ज्या शेळीला चीक अधिक आहे तिचा जादा चीक स्वच्छ बाटलीत भरून, वर तारीख लिहून, बर्फाच्या कप्प्यात ठेवावा; गोठलेला राहिला तर वर्षभर टिकतो. वितळवताना बाटली कोमट पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात ठेवली तर त्यातील प्रतिकारक द्रव्ये नासतात आणि हाती केवळ खरवस उरतो.

---

हिशेबनीस :

मी शेळ्या पाळत नाही, वाडी सांभाळतो. पण दोन वर्षांत तीन वेते या वाक्यावर कागद घेऊन बसलो. तीन वेते म्हणजे दर आठ महिन्यांनी एक. नोव्हेंबरला व्याली तर पुढे जुलै, मग मार्च, आणि पुन्हा नोव्हेंबर. ऑक्टोबरपासून सुरुवात केली तर जून, फेब्रुवारी, ऑक्टोबर. सप्टेंबरपासून केली तर मे, जानेवारी, सप्टेंबर. म्हणजे कुठूनही सुरुवात करा, पंचांगावर चार-चार महिन्यांच्या अंतराने तीन खुणा पडतात. आता आपला पाऊस मिरगापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, साधारण चार महिन्यांचा. चार महिन्यांच्या अंतराने पडणाऱ्या खुणांपैकी एक खूण या चार महिन्यांत पडणारच, फार तर ती काठावर नेता येईल. घाटावर हे गणित सुखाने चालते, कारण तिथल्या पावसाळी दिवसांत आणि आपल्या पावसाळी दिवसांत अंतर आहे. कोकणात तीन वेतांतील एक वेत पावसाचे, हे मान्य करूनच पुढचा विचार करावा लागेल.

---

तीस शेळ्या :

हिशेबनीसांचा कागद मी दोनदा पडताळून पाहिला. तो बरोबर आहे. डॉक्टरसाहेब, आपण सांगितल्याप्रमाणे आज पहाटे आत बसलो. पाच मिनिटे काढता आली नाहीत, डोळ्यांना पाणी आले. पडदे वरून हातभर कापत आहे. पावसाळ्यातील वेताची माझी मर मी आजवर नशिबाच्या खात्यावर टाकत होतो. वही काढून पाहिली तर तीन वर्षांत गेलेल्या करडांपैकी निम्म्याहून अधिक जून ते सप्टेंबरमधील निघाली. तरीही सगळ्या शेळ्या वर्षाला एका वेतावर आणणे मला परवडणार नाही.

---

गुरांचा डॉक्टर (निवृत्त) :

सगळ्या आणू नका. पहिल्या वेताच्या पाटी (तरुण माद्या), अशक्त शेळ्या आणि ज्यांना नेहमी जुळी-तिळी होतात त्या, एवढ्यांना पावसाच्या वेतापासून दूर ठेवा. एकेक करडू देणाऱ्या धडधाकट शेळ्यांचे पावसातील वेत सांभाळता येते, कारण मग तुमच्या कोरड्या कोपऱ्यात दहाच्या जागी चार करडे असतील. आईच्या दुधाला वाटेकरी नाही आणि जागेला गर्दी नाही, एवढ्यानेच बराच फरक पडतो.

सड्यावरचा यांच्या तारखांविषयी : ५ जून योग्य आहे, परंतु तयारी मे महिन्यापासून हवी. जंताचे औषध बोकड सोडण्यापूर्वीच द्या. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देणे टाळायचे असते, आणि नेमका तोच तुमचा जून-जुलै असणार आहे. आंत्रविषाराची (आतड्यातील जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लसही मे महिन्यात सर्वांना टोचून घ्या आणि गाभण शेळ्यांना व्याण्याच्या चार ते सहा आठवडे आधी पुन्हा द्या, म्हणजे ती प्रतिकारशक्ती चिकात उतरते. बोकड सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून शेळीमागे पाव किलो भरडा वाढवा. पुढे शेवटच्या दीड-दोन महिन्यांत गर्भाची बहुतेक वाढ होते. तुमच्या बाबतीत तो काळ भाद्रपद-आश्विनाचा, म्हणजे हिरव्याचा. सड्यावर गवत असताना शेळी गाभण राहणार आणि गवत सुकण्याच्या सुमारास व्याणार, तेव्हा दुधाच्या दिवसांसाठी फणसाचा पाला आणि शेवरी हाताशी ठेवा.

बोकड मात्र नजरेआड, वासाआड बांधा. महिनाभर बोकड दूर ठेवून एकदम सोडला, की पुष्कळशा शेळ्या आठ-दहा दिवसांतच माजावर येतात. माज २४ ते ३६ तास टिकतो. चौदा शेळ्यांना एक बोकड पुरेसा आहे, पण तो तुमच्याच कळपातील असेल तर आधी बदला. त्याच्याच लेकी आता व्याण्याच्या वयाच्या झाल्या असतील.

---

आगरातली :

डॉक्टर, नाळेचे आणि वारेचे आपण लिहिलेले मी कागदावर उतरवून शेजारच्या दोन घरांत वाचून दाखवले. सासूबाईंनीही ऐकले. "आमची करडे काय जगली नाहीत?" एवढेच म्हणाल्या, पण आयोडिनची बाटली राखेच्या डब्याशेजारी ठेवू दिली.

दादा, बोकड बांधायला दुसरी जागा नसेल तर त्याच्या पोटाखाली गोणपाटाचा पडदा बांधून पाहा. धनगर मंडळी मेंढ्यांत असे करतात. फक्त पावसात गोणपाट भिजून कातडी सोलवटते, म्हणून तो रोज सोडून पाहावा लागतो.

---

सड्यावरचा :

सर्वांचे आभार. बोकड माझ्याच कळपातला होता, डॉक्टरांनी न पाहता ओळखले. तो विकला आणि दुसऱ्या तालुक्यातून दोन वर्षांचा कन्याळ बोकड आणला. तो खालच्या वाडीतील मावसभावाच्या गोठ्यात राहील आणि ५ जूनला वर येईल. आणखी एक गोष्ट हिशेबात नव्हती, ती आतेने दाखवली : कार्तिकात झालेले करडू पुढच्या आषाढात आठ महिन्यांचे असते, आणि श्रावण लागण्यापूर्वीच्या त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक स्वतः सड्यावर चालत येते. वेत एक कमी झाले तरी विक्री बरोबर हंगामावर पडेल.

---

सड्यावरचा (कार्तिकात) :

धागा वर आणत आहे. चौदांपैकी अकरा शेळ्या लागल्या होत्या. तीन उलटल्या, म्हणजे गाभण राहिल्या नाहीत, त्यांतील दोन म्हाताऱ्या आहेत. आजपर्यंत सात व्याल्या आणि बारा करडे आहेत, त्यांत आठ पाटी, म्हणजे माद्या. एक करडू मेलेलेच जन्मले. परवा पहाटे एका शेळीचे दुसरे करडू गार सापडले, तोंडात बोट घातले तर तेच जुने गार लागणे. जन्मून तास-दीड तासच झाला असावा. या वेळी बाटलीला हात लावला नाही. न्हाणीतील हंड्यात पिशवीसह धरून बसलो. पंचवीस मिनिटांनी त्याने माझे बोट चोखले. मग बोळा काढून आईच्या सडाला लावले, आणि ते प्यायले.

बर्फाच्या कप्प्यात तीन बाटल्या चीक आहे. कोणाला लागल्यास देवगडच्या आसपास पोहोचवीन, मात्र वीज असेल तोवरच.

डॉक्टर, एक राहिले : त्या करडाचा डावा पुढचा गुडघा आज किंचित गरम लागतो. नाळ बुडवली होती, पण हंड्याच्या गडबडीत दोन तास उशिरा. उद्या सकाळी तालुक्याला घेऊन जाऊ, की आणखी एक दिवस पाहू?

---

गुरांचा डॉक्टर (निवृत्त) :

पाहू नका. उद्या पहिल्या गाडीने घेऊन जा, आणि आईलाही सोबत न्या, म्हणजे त्याचे पिणे तुटणार नाही.